आई-मुलाच्या रोडट्रिपचा सिनेमा: आई झोपली, मी जागा राहिलो

संत्र्याची_साल (नागपूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न दोनच आहेत, पण आधी थोडं रडगाणं ऐकून घ्या.

पुढच्या शुक्रवारी आईला घेऊन पुण्याला निघायचं आहे, ताईकडे. पुण्याच्या ट्रेनचं मे महिन्यातलं वेटिंग तुम्हाला माहीतच आहे. विमानात आई बसत नाही ("खाली पाहाले जमीन पाहिजे मले"). म्हणून गाडीनं. सातशेच्या वर किलोमीटर आणि गाडीत आम्ही दोघंच. आई ६८ वर्षांची, मी ४१. घरी आमचं बोलणं म्हणजे "जेवला?" "हो." "गोळी घेतली?" "घेतली." एवढ्यावर वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं आहे. पण बारा तास हे कसं पुरणार?

म्हटलं, आधी थोडी रंगीत तालीम करू. रविवारी जेवणं झाल्यावर, बाहेर ४५ डिग्री, कूलर लावून, आईला शेजारी बसवून 'द गिल्ट ट्रिप' लावला. २०१२ चा इंग्रजी सिनेमा, दिग्दर्शक अ‍ॅन फ्लेचर. आई झाली आहे बार्बरा स्ट्रायसँड आणि मुलगा सेथ रोगन. मुलानं नारळ, पाम, सोया वगैरेंपासून एक साफसफाईचं द्रावण शोधलं आहे, ते दुकानवाल्यांच्या गळ्यात मारायला तो न्यू जर्सीहून अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला गाडीनं निघतो आणि नवरा गेलेल्या आईलाही सोबत घेतो. खरं कारण वेगळंच. आईनं त्याला सांगितलेलं असतं की लग्नाआधी तिचं एकावर प्रेम होतं, त्याचंच नाव तिनं मुलाला ठेवलं. मुलगा तो माणूस सॅन फ्रान्सिस्कोत असल्याचं इंटरनेटवर शोधतो आणि आईला न सांगता तिकडे घेऊन निघतो. आई बिचारी समजते, पोट्ट्याला आपली सोबत हवी आहे.

कागदावर हे वाचून मी खूश होतो. हा मसाला सावजीवाल्याला द्या, घाम फोडेल. आणि पडद्यावर आलं काय, तर आजाऱ्याची मुगाची खिचडी. आई बडबडते, मुलगा डोळे फिरवतो. आई खाते, मुलगा डोळे फिरवतो. बर्फात अडकतात, मुलगा पुन्हा डोळे फिरवतो. टेक्सासात दीडेक किलोचा मांसाचा तुकडा तासाभरात संपवायची पैज आहे, ती आई लावते आणि जिंकते. तिथे मी एकदा हसलो. पण तेही कसं, कुणीतरी खांद्यावर टपली मारून "हस बे" म्हटल्यासारखं.

माझी आई सिनेमापेक्षा दहा पट विनोदी होती, हे सांगायलाच हा धागा काढला म्हणा ना. इंग्रजी तिला येत नाही, खालच्या ओळी वाचायला तिला चष्मा सापडत नव्हता (डोक्यावर होता), म्हणून मीच भाषांतर करत होतो. तिची टिप्पणी जशीच्या तशी:

"त्या पोट्ट्याची दाढ दुखून राहिली काय? तोंड कसं करून बसला."

"एवढ्या लांब जाऊन राहिले न गाडीत एक डबा नाही? पाणी भी नाही घेतलं बाप्पा."

मुलगा दुकानात साहेबांपुढे द्रावणातली रसायनं समजावत असतो तेव्हा: "हा काही विकत नाही. आपल्या बर्डीवरच्या पोट्ट्यापाशी एक दिवस बसव म्हणा याले."

(बर्डी म्हणजे आमचा सीताबर्डीचा बाजार. हे शेवटचं अगदी सिनेमातल्या आईसारखंच. ती पण त्याला तेच सांगत असते, की बाबा, शास्त्र नको सांगू, नाव तरी लोकांना उच्चारता येईल असं ठेव.)

मग आई कूलरमध्ये पाणी टाकायला उठली, परत आली, आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली. ग्रँड कॅनियन आलं तेव्हा तिला उठवावंसं वाटलं, पण तिथे पोचून तरी काय, दोघं उभे राहतात, बघतात, आता काय करायचं म्हणून निघतात. तो प्रसंग म्हणे गमतीचा. मला तो पूर्ण सिनेमाचाच फोटो वाटला.

आता मुद्द्याचं. मी हे इतकं मनाला का लावून घेतलं, तर आम्ही एकदा खरी ट्रिप केली आहे. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, नागपूर ते शिर्डी, ५२० किलोमीटर. जानेवारीत मी आईला शिर्डीला नेलं. तेव्हा त्या रस्त्यावर खायला-प्यायला धड काही नव्हतं, पण आमच्या गाडीत चार माणसांचा दोन दिवसांचा शिधा होता. दशम्या, जवसाची चटणी, तिखट पुऱ्या, आणि थंडीचे दिवस म्हणून सांबारवडी. (पुणेकरांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं नव्हे.) आई मागच्या सीटवर डावीकडे, मांडीवर पिशवी. मी एसी लावला की ती काच खाली करणार. ११० च्या वेगात काच खाली केल्यावर काय होतं ते पाठीमागच्या ट्रकवाल्याला विचारा, आमचा टॉवेल त्याच्याकडे गेला.

सिंदखेड राजाची पाटी दिसली आणि आई म्हणाली, थांब. म्हटलं, आई, इथे मध्येच थांबता येत नाही. म्हणाली, "जिजाऊच्या गावावरून असंच जाशील काय बे?" मग इंटरचेंजवरून उतरलो. लखुजीराजांच्या राजवाड्याचा तो मोठा दरवाजा आहे ना, त्याच्या अलीकडे गाडी लावून दशम्या काढल्या. खाता खाता आई म्हणते, "मले ७८ साली नर्सिंगच्या ट्रेनिंगचं पत्र आलं होतं. आबानं गोठ्यात आढ्याले खोचून ठेवलं. लग्न झाल्यावर सापडलं."

मी तेव्हा फास्टॅगचा बॅलन्स बघत होतो. म्हटलं, "हं?" तर ती म्हणाली, "निघताना गॅसचा कॉक बंद केला होता नं?"

संपलं. पुन्हा तो विषय नाही.

सिनेमातली आई आपलं गुपित सांगते तेव्हा सगळं थांबतं. संगीत हळू होतं, डोळे भरतात, मुलगा नीट ऐकतो. माझ्या घरी ते जवसाच्या चटणीबरोबर आलं आणि गेलं, मला हात लावायलासुद्धा मिळाला नाही. मला वाटतं घोळ इथेच कुठेतरी आहे, पण नेमका पकडता येत नाहीये.

तर प्रश्न. एक, हा सिनेमा फसला कुठे? की मीच किरकिऱ्या झालो? दोन, जायच्या आधी आईसोबत बघण्यासारखं दुसरं काही आहे का? हसवणारं हवं. आई-मुलगा म्हटलं की आपले लोक पदर आणि हुंदके काढतात, ते नको.

तर्री_मारके

झोपणाऱ्या माउलीला रविवारी दुपारी इंग्रजी सिनेमा दाखवला, वरून स्वतः दुभाष्या झाला. सिनेमा फसला की तू, हा आधी विचार कर भाऊ.

बाकी दाढेचं निरीक्षण एक नंबर. काकूंना इथे खातं उघडून दे.

अंबाझरी_पहाटे

मी हा सिनेमा दोनदा पाहिला आहे, त्यामुळे मी दुसऱ्या बाजूनं बोलते. माझा मुलगा बंगळुरूला असतो. फोन केला की त्याच्या "हं आई, बोल" मधला तो "हं" मला ओळखता येतो, स्क्रीन बघत बघत काढलेला. सेथ रोगनचा चेहरा पूर्ण सिनेमाभर त्या "हं" सारखा आहे. तुम्हाला तो कंटाळवाणा वाटला, मला ओळखीचा वाटला. काय करता.

स्ट्रायसँडबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. या बाईनं १९९६ नंतर मुख्य भूमिकाच केली नव्हती, मधे सहकलाकार म्हणून दिसली तेवढंच. सोळा वर्षांनी आली, सत्तर वर्षांची होती, आणि तिला बक्षीस काय, तर रॅझीचं नामांकन, वर्षातली सर्वांत वाईट अभिनेत्री म्हणून! मोटेलमधल्या भांडणाचा प्रसंग पुन्हा पाहा. तिथे तिचा बांध फुटतो, ती बारमध्ये जाऊन बसते आणि मुलगा तिला आणायला जातो. तो अभिनय वाईट असेल तर मग माझं हिंडणं-फिरणं, बोलणं सगळंच वाईट.

आणि शेवट तुम्ही सांगितलाच नाही. ज्याला भेटायला जातात तो माणूस वारलेला असतो. दार उघडतो त्याचा मुलगा, आणि त्याच्या बहिणीचं नाव या आईचंच निघतं. म्हणजे तिकडेही कुणीतरी एक नाव जपून ठेवलं होतं. मी तिथे रडले. हसवणारं हवं होतं तुम्हाला, मान्य, पण म्हणून ते खोटं होत नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्या बाजूनं. ही आई चुकतच नाही. सुरुवातीला ती सगळं चुकीचं बोलते असं दाखवतात आणि शेवटी एकूण एक गोष्ट तिचीच बरोबर निघते. मुलगा टीव्हीवरच्या विक्रीच्या कार्यक्रमात तिचा सल्ला ऐकतो आणि जिंकतो. आम्ही आया इतक्या बरोबर असतो का हो? मी मुलाला इंजिनिअरिंगला घातलं, तो अजून त्याची आठवण करून देतो.

काकूंसाठी: त्याच वर्षी, २०१२ लाच, ऑक्टोबरात 'इंग्लिश विंग्लिश' आला होता. पुण्याची गोडबोले बाई, लाडू करून विकणारी, एकटी न्यूयॉर्कला जाते. रोडट्रिप नाही, पण पदर आणि हुंदके पण नाहीत. तुम्हाला दुभाष्या व्हावं लागणार नाही.

संत्र्याची_साल

अंबाझरीताई, "हं" वाचून मी फोन खाली ठेवला. खरंच.

मोटेलचा प्रसंग मी चहा टाकताना स्वयंपाकघरातून ऐकला होता, पाहिला नव्हता. आज पाहिला. तुमचं बरोबर आहे, तो सच्चा आहे. पण दोनच मिनिटांत मुलगा वरमतो. माझ्या आईशी माझं भांडण झालं तर ती तीन दिवस माझ्याशी भिंतीमार्फत बोलते. "या घरात कोणाले चहा पाहिजे असन तर मांडला हाय." त्या तीन दिवसांचा सिनेमा कुणी काढेल तर पहिल्या रांगेचं तिकीट काढतो.

रिवाइंड

मी थोडं कामाचं बोलतो. शॉर्टफिल्म बनवतो, त्यामुळे गाडीतले प्रसंग किती त्रासाचे असतात ते अंगावर घेतलेलं आहे.

तुम्हाला जे पकडता येत नाहीये त्यातला अर्धा भाग तांत्रिक आहे. या सिनेमात गाडीतले बहुतेक प्रसंग लॉस एंजेलिसच्या आसपास, स्टुडिओत उभ्या केलेल्या गाडीत घेतलेले आहेत. काचेबाहेरचा देश नंतर चिकटवलाय. आता तुमचीच ट्रिप आठवा. सकाळी सूर्य पाठीमागून, दुपारी टपावर, संध्याकाळी थेट डोळ्यात. नागपूरहून पश्चिमेला जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी चारनंतर सनशेड पाडावीच लागते. बोलता बोलता ट्रक आडवा येतो, वाक्य तुटतं, आईचा हात पुढच्या सीटला धरला जातो. गाडीतल्या गप्पांची गंमत या तुटण्यात असते. उभ्या गाडीत वाक्यं पूर्ण होतात. आणि आई-मुलाची वाक्यं पूर्ण होऊ लागली की संपलंच, मग ते टीव्हीवरच्या मालिकेसारखे बोलू लागतात.

गंमत म्हणजे लेखक डॅन फोगलमननं स्वतःच्या आईबरोबर अशी गाडीनं ट्रिप खरंच केली होती, त्यातूनच हे सुचलं. म्हणजे माल अस्सल होता. तो आणताना वाटेतच पाणी घातलं गेलं.

दुसरं म्हणजे विनोद. 'पिकू' पाहिला असेलच, २०१५ चा, शूजित सरकारचा. दिल्ली ते कोलकाता, बाप आणि मुलगी, गाडी चालवायला इरफान. टपावर बापाची कमोडची खुर्ची बांधलेली. आता ती खुर्ची दर फ्रेममध्ये बोलते, कुणी विनोद करायची गरजच नाही. बापाला पोट साफ व्हायला हवंय, त्यासाठी सगळ्यांचं जगणं हराम झालंय. 'गिल्ट ट्रिप'मधल्या आईला काय हवंय? काहीच नाही. मुलगा सुखी हवा. अशा माणसाचा विनोद होत नाही हो, त्याला फक्त नमस्कार करता येतो. तुमच्या आईला काच खाली हवी होती, म्हणून टॉवेल उडाला, म्हणून आम्ही हसलो.

घाटरोड

सिनेमाचं चालू द्या, मी रस्त्याचं सांगतो. महिन्यातून दोनदा नागपूर-पुणे करतो.

मे महिन्यात निघणार असाल तर पहाटे चारला शिवमडक्याच्या टोलवर असा, नागपूरकडून समृद्धी सुरू होते तिथे. समृद्धी सिमेंटचा आहे, दुपारी तापतो, आणि टायर जुने असतील तर तोच काळ वाईट. निघायच्या आदल्या दिवशी चारही टायर आणि स्टेपनी बघून घ्या, हवा कंपनीनं सांगितली तेवढीच. मर्यादा १२० ची आहे म्हणून १२० नेच जायचं असं नसतं. रस्ता सरळसोट, वळण नाही, डोळे उघडे असून माणूस झोपतो. दीड-दोन तासाला उतरून तोंडावर पाणी मारायचं. संभाजीनगरला सावंगीशी उतरून नगरमार्गे पुणे. शेवटचं वाघोलीचं ट्रॅफिक मनात धरून चला, तिथे सगळी समृद्धी निघून जाते.

आई बडबडत असेल तर नशीबवान आहात. मला जागं राहायला रेडिओ लावावा लागतो.

तर्री_मारके

मधल्या स्टॉपला काकूंचा डबा खाणार असाल तर मी कारंज्याला उभा राहतो.

खिडकीची_सीट

मी फारसं लिहीत नाही इथे. एकच विचारायचं होतं. त्या ७८ सालच्या पत्राचं तुम्ही आईंना नंतर विचारलं का? माझी आई पण मागे बसून असंच काहीतरी म्हणाली होती, उमरेडच्या रस्त्यावर. तिच्या एका मैत्रिणीबद्दल. मी म्हटलं घरी गेल्यावर विचारू. राहून गेलं, आणि आता विचारायला आई नाही.

संत्र्याची_साल

सगळ्यांचे आभार. घाटरोड, टायर आजच दाखवले. मागचा डावा बदलावा लागला, टायरवाला म्हणाला, यावर समृद्धी केली असती तर मीच घाबरलो असतो.

रिवाइंड, टपावर बांधायला आमच्याकडे पण आहे. आईनं ताईसाठी वाळवणाची अख्खी कोठी काढली आहे. कुरड्या, पापड, सरगुंडे. मी म्हटलं डिकीत बसत नाही, तर म्हणाली, "माह्या पायापाशी ठेव, मले पाय कुठं पसरायचे हायेत." पुढच्या सीटवर बसणार आहे या वेळी. माझ्या खिशात कांदा ठेवायचा असं बजावून झालं आहे, ऊन लागू नये म्हणून. एसी गाडीत. वाद घातला नाही.

खिडकीची_सीट, काल रात्री विचारलं. लाइट गेले होते, दोघं गच्चीवर होतो. म्हटलं, आई, ते नर्सिंगचं पत्र, त्याचं पुढे काय केलं? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तवा ऐकलं होतं काय तू? मले वाटलं मोबाइलात होता."

मग सांगितलं. बरंच सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

लाइट आले, आम्ही खाली आलो. मी कूलरमध्ये पाणी भरत होतो तर मागून आवाज, "त्या बाईच्या पोट्ट्याचं ते साबण शेवटी विकल्या गेलं काय?"

म्हटलं, गेलं.

"मंग झालं," म्हणाली, आणि दिवा बंद केला.